कपाळाचा पुरावा

॥ श्री ॥

अंबरनाथ (पश्चिम),
रविवार, ५ डिसेंबर १९५४

ती. सौ. कुमुताईस,
श्रीपादचा शि. सा. न. वि. वि.

तू म्हणशील, अंबरनाथहून बदलापूर ते केवढे, आणि हा पत्रे कसली लिहितो, गाडीत बसून ये की. येईनही. पण तुझ्याकडे आलो की भाऊजी पाणी देण्याआधी विचारतात, आज किती लोकांना फुकट सल्ला वाटला, आणि मग सांगायचे ते राहून जाते. शिवाय मला आज राग आला आहे. रागावलेल्या माणसाने कागदावर बोललेले बरे, कागद उलट बोलत नाही.

गेल्या वर्षापासून दर रविवारी मी सायकल काढून उल्हासनगरच्या कॅम्पात जातो. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसतो. फाळणीत सिंध सोडून आलेली माणसे पुनर्वसन कचेरीच्या नोटिसा घेऊन येतात. नोटीस इंग्रजीत, माणसे सिंधी, आणि दोघांच्या मधे मोडके हिंदी बोलणारा कल्याण कोर्टाचा वकील. निम्म्या लोकांना फक्त नोटीस वाचून हवी असते. तेवढ्यावरही ते दुवा देऊन जातात, त्याचीच मला लाज वाटते.

आज ज्यांच्यामुळे डोके फिरले त्या बाईंचे नाव पारपती. आपली पार्वतीच, सिंधी लोक पारपती म्हणतात. तिशीच्या असतील. बरोबर सासू, तिला सगळी बराक अम्मा म्हणते. जवळजवळ सात वर्षांपूर्वी दंगलीच्या दिवसांत नवऱ्याने, टहलरामने, या दोघींना कराचीच्या बंदरावर बोटीत बसवले आणि दुकानाचा बंदोबस्त करून पुढच्या बोटीने येतो म्हणून तो मागे फिरला. पुढची बोट आली, तिच्या पुढचीही आली. टहलराम आला नाही. पत्र नाही, निरोप नाही, कुणी पाहिल्याची वार्ताही नाही.

बोटीवरून उतरताना नावे लिहून घेणाऱ्याने कुटुंबप्रमुख म्हणून टहलरामचेच नाव घातले आणि बराकीतली खोली त्या नावावर मिळाली. आता सरकार या खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर कायमच्या करून देत आहे. कचेरीतले साहेब म्हणतात, टहलरामला सहीला आणा. नाहीतर तो वारला असे लिहून द्या, म्हणजे विधवा म्हणून खोली बाईंच्या नावावर चढवू. दोन्ही जमत नसेल तर खोली रिकामी करा. सून बायकांच्या आश्रमात जाईल आणि सासू म्हाताऱ्यांच्या. हे दोन आश्रम दोन वेगळ्या गावांत आहेत.

मी प्रतिज्ञापत्र लिहून त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांच्यात पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात, ते झाले. मी वाचून दाखवू लागलो. ‘पती मयत’ हे शब्द ऐकताच बाईंनी शाईला लावलेला अंगठा पदराला पुसला. म्हणाल्या, जे मी पाहिले नाही ते सांगणार नाही, आणि आईसमोर तिचा मुलगा मेला म्हणून तर अजिबात सांगणार नाही. मी तासभर डोके फोडले. अम्माने उठून फडक्याखाली झाकलेली कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी, माझ्या हातावर ठेवली. खाऊन झाल्यावर शेजाऱ्यांकडून कळले की ती रोज सकाळी एक कोकी टहलरामच्या वाटणीची काढून ठेवते. ती मी खाऊन बसलो होतो.

सांग, अशा अशिलाचे काय करावे? कायदा एका बाजूला, कचेरी दुसऱ्या बाजूला, आणि ज्यांच्यासाठी भांडायचे त्याच आडव्या. माईची तब्येत ठीक आहे. भाऊजींना नमस्कार. राग उतरला की येतो, तोवर लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
श्रीपाद

---

॥ श्री ॥

बदलापूर,
९ डिसेंबर १९५४

चि. श्रीपाद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला तुझाच राग आला. ती बाई आडवी नाही, तू उतावळा आहेस. लहानपणी आमटी गार व्हायच्या आत तोंड भाजून घ्यायचास, तसाच आहेस अजून. अरे, सात वर्षं ज्या सासूबरोबर एका खोलीत काढली, तिच्यासमोर तिचा मुलगा गेला म्हणून अंगठा उठव म्हणतोस, आणि वर पापड खाऊन येतोस. तुझ्याकडे बायको असती तर तिनंच तुला ठिकाणावर आणलं असतं. पण ती कशी असणार, मुलीकडचे विचारतात मुलगा रविवारी काय करतो, आणि माई खरं सांगून टाकते.

तिला तो शब्द बोलायला लावू नकोस. दुसरी वाट शोध. एवढी जाडजूड पुस्तकं उशाशी घेऊन झोपतोस, त्यात असेल काहीतरी.

दुसरं म्हणजे, त्या दोघी बराकीबाहेर कुणाच्या घरी गेल्यात का रे कधी? मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणार आहे. चिठ्ठी पाठवीन ती पोचती कर. पाकिटावर काय लिहू याचा विचार करत होते. सौ. लिहावं की गं. भा.? तुझ्या साहेबाला जो प्रश्न पडलाय तोच मला पडला. मी सौ. लिहिणार. ज्या बाईचा नवरा गेल्याची बातमी नाही तिला दुसरं काही लिहायला माझा हात धजत नाही.

माईला गुडघ्याला लावायला तेल पाठवते आहे. थंडीत सायकलवर कान बांधून जात जा. घरची सगळी खुशाल आहेत, तुझी खुशाली लवकर कळव.

तुझी,
ताई

---

॥ श्री ॥

अंबरनाथ,
२ जानेवारी १९५५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाट सापडली. उशाशीच होती, तू म्हणालीस तशी, पण हे भाऊजींना सांगू नकोस. ज्या माणसाची खबर ज्यांना सहज लागली असती त्यांना सात वर्षे लागली नाही, तो वारला असे कायदा स्वतःच धरून चालतो. कुणी तो मेला म्हणण्याची गरज नाही. बायकोने आणि आईने एवढेच सांगायचे की आम्हाला सात वर्षांत काही कळले नाही. ते तर खरेच आहे.

हे पारपतीबाईंना समजावले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. तेवढे मी सांगू शकेन म्हणाल्या. साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले की आजवर असे कुणी आणले नव्हते. मी म्हणालो, आजवर कुणी वाचले नव्हते. हे बोलायला नको होते. तरी त्यांनी अर्ज घेतला. सात वर्षे पुरी झाली की फेब्रुवारीनंतर सुनावणी ठेवतो म्हणाले. तोवर खोलीला हात लागणार नाही.

चिठ्ठी मिळाली, आज पोचवली. उघडून पाहिली नाही, बायकांच्या कारभारात मी कशाला पडू. पारपतीबाईंनी ती बराच वेळ हातात धरली होती. मग मला वाचायला सांगितली तर मी घाईत होतो, शेजारच्या पोरीकडून वाचून घ्या म्हणालो.

या महिन्यात मन जरा हलके आहे. तिळगुळाचा माझा वाटा मुलांपासून लपवून ठेव.

तुझा,
श्रीपाद

---

॥ श्री ॥

बदलापूर,
२० जानेवारी १९५५

चि. श्रीपाद यास,
अनेक आशीर्वाद. तिळगूळ घे, आणि मुख्य म्हणजे गोड बोल.

हळदीकुंकू छान झालं. तुझी पारपती आली होती. चिठ्ठीत मी लिहिलं होतं की वाट नवी आहे, सोबतीला कुणाला तरी घेऊन या, तर शेजारच्या खोलीतल्या मंघारामच्या बायकोला घेऊन आली. अम्मा आली नाही. विधवेनं अशा ठिकाणी जायचं नसतं असं त्यांच्यातही आहे म्हणे. मला ते लागलं. मी तिच्यासाठी तिळगूळ वेगळा बांधून दिला.

पारपती पहिल्यांदा ओसरीच्या कडेला अंग चोरून बसली. बायका तिच्या हातातल्या बांगड्यांकडे बघत होत्या, नाकातल्या चमकीकडे बघत होत्या. आपल्या शेजारच्या बनूबाईंनी तर मला आत नेऊन विचारलं की हिचं नक्की काय आहे. मी म्हटलं, हिचं आपल्यासारखंच आहे, घरात पुरुष कधी असतो कधी नसतो. मग मी करंडा घेऊन तिच्यापुढे गेले. विचारणार होते, लावू का म्हणून. पण विचारायच्या आधीच तिनं कपाळ पुढे केलं. श्रीपाद, सात वर्षांत तिला कुणी दुसऱ्यानं कुंकू लावलं नव्हतं. ती स्वतःच आरशात बघून लावायची, कुणी हसेल म्हणून बारीक टिकली. मी चांगलं रुपयाएवढं लावलं. ओटी भरली. नंतर ती कामाला लागली ती बायका पांगेपर्यंत वाट्या विसळत होती, ऐकेना.

जाताना तिनं पापडांची चळत ठेवली. तुझे भाऊजी म्हणाले, या वकिलीत पहिल्यांदाच काही घरात आलं.

तुझा तिळगूळ लपवला होता, मुलांनी शोधला. येशील तेव्हा दुसरा करीन.

तुझी,
ताई

---

॥ श्री ॥

अंबरनाथ,
१३ फेब्रुवारी १९५५

ती. सौ. ताईस,
सा. न.

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे, त्यामुळे जे राहिले आहे ते सौम्य समज.

तुझ्या हळदीकुंकवाने माझी केस बुडवली. मंघारामला भाऊ आहे, त्या भावाचे कुटुंब मोठे आहे आणि जागा नाही. पारपतीबाईंची खोली सुटली तर ती त्याला हवी आहे. मंघारामची बायको तुझ्याकडून ओटी भरून घेऊन घरी गेली आणि नवऱ्याला सगळे साग्रसंगीत सांगितले. वाईट हेतूने सांगितले असेही नाही, कौतुकाने सांगितले. नवऱ्याने त्यावरून कचेरीत अर्ज केला. अर्जात म्हटले आहे की बाईने बदलापुरात एका वकिलाच्या बहिणीच्या घरी दहा सवाष्णींच्या देखत हळदीकुंकू घेतले. ज्या हिंदू बाईला नवऱ्याची खबर नाही ती असे करील का? अर्थात तिला खबर आहे, नवरा जिवंत आहे, आणि ती सरकारला फसवते आहे.

साहेबांना हे मनापासून पटले. इतके दिवस माझ्या कलमाचे उत्तर त्यांना सापडत नव्हते, ते तू करंड्यात घालून दिलेस. मी म्हणालो, कायदा खबर विचारतो, कपाळ नाही. ते म्हणाले, वकीलसाहेब, आमच्याकडे कपाळ हाच पुरावा आहे.

मी डिसेंबरपासून या बाईंच्या मागे फिरतो आहे. थंडी पाहिली नाही, धूळ पाहिली नाही, माईच्या शिव्या खाल्ल्या, आणि तू एका चिमटीत सगळ्याचा निकाल लावलास. तुला बोलवायचेच होते तर सुनावणीनंतर बोलावता आले नसते? संक्रांत काय पळून जात होती?

आता साहेब तुलाही साक्षीला बोलावणार आहेत. समन्स येईल. कृपा करून विचारतील तेवढेच बोल.

श्रीपाद

---

॥ श्री ॥

बदलापूर,
१९ फेब्रुवारी १९५५

श्री. रा. रा. श्रीपादराव यांस,
मधुकरचा स. न. वि. वि.

आपले पत्र आपल्या भगिनींना पोचले. त्या दिवसापासून आमच्या घरी आमटीत मीठ नाही. विचारावे तर उत्तर मिळते की मीठ घातले तर कोणाची तरी केस बुडेल. मला कारखान्यात आठ तास उभे राहावे लागते, अळणी आमटीवर ते जमत नाही, म्हणून हे मध्यस्थीचे पत्र.

एक शंका आहे. निमंत्रणाची चिठ्ठी कॅम्पात पोचवली कोणी? मला वाटते ती आपणच सायकलवरून नेलीत. त्या बाईंनी ती आपल्याकडे वाचायलाही दिली होती, आपण घाईत होतात. वाचली असतीत तर तिथेच थांबवता आली असती. आमच्या कारखान्यात याला निष्काळजीपणा म्हणतात आणि अर्धा दिवस कापतात.

आपण जे रविवारी करता त्याची मी थट्टा करतो ते खरे, पण बाहेर कुणी केली तर मी त्याच्याशी भांडतो. परवा गाडीत एकाशी भांडलो. हे आपल्या ताईंना माहीत नाही.

समन्स काल आले. शिपाई दारात उभा राहिला तेव्हा सगळी आळी गोळा झाली. त्या घाबरतील असे मला वाटले होते. त्यांनी शिपायाला बसवून चहा दिला आणि सही कुठे करायची विचारले.

एक ओळ त्यांना लिहा. क्षमा मागा असे म्हणत नाही, मिठापुरती लिहा. स्नेह आहे तो वाढवावा.

आपला,
मधुकर

---

॥ श्री ॥

बदलापूर,
२४ फेब्रुवारी १९५५

चि. श्रीपाद यास,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळींत चार वेळा ‘परंतु’ आहे, तरी क्षमा समजून घेतली.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. मी रात्रभर तळमळले. तिचं घर माझ्यामुळे गेलं तर मी तोंड कुठं लपवू? पण कुंकू लावलं त्याचा पश्चात्ताप मला होत नाही, खूप शोधून पाहिला. तिनं कपाळ पुढे केलं होतं. मी तिथं प्रतिज्ञापत्र मागायला हवं होतं का?

सुनावणीला सोमवारी, सात मार्चला येते. भाऊजींनी रजा काढली आहे, पण मी एकटीच येणार. विचारतील तेवढंच बोलीन, पण काय विचारतात त्यावर आहे.

ताई

---

॥ श्री ॥

अंबरनाथ,
८ मार्च १९५५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुझी साक्ष झाली आणि साहेबांनी तुला बाहेर पाठवले. नंतर तुझ्या गाडीची वेळ झाली म्हणून पुढचे सांगता आले नाही, ते लिहितो.

आधी तुझ्याविषयी. नवरा जिवंत आहे असे समजून कुंकू लावले का, असे साहेबांनी विचारले. त्यावर तू म्हणालीस की घरी येणाऱ्या बायकांना मी लग्न झाल्यापासून कुंकू लावते आहे, कुणाचा नवरा जिवंत आहे, कुठे आहे, की कुंकवाच्या लायकीचा आहे, हे कधीच विचारले नाही, शेवटचे विचारले असते तर निम्म्या कोऱ्या कपाळाने परत गेल्या असत्या. हे कारकून काल संध्याकाळपासून कचेरीभर सांगत फिरतो आहे. साहेबसुद्धा हसले, मग त्यांना आपण साहेब असल्याची आठवण झाली. विचारतील तेवढेच बोल हे मी कुणाला सांगितले होते कुणास ठाऊक.

तू गेल्यावर पारपतीबाईंना विचारले, खबर नाही तर कुंकू का. त्या म्हणाल्या, तो गेल्याचीही खबर नाही, मग पुसू का. साहेबांनी हे लिहून घेतले नाही. मी लिहून घ्या म्हणालो, तर म्हणाले हे उत्तर नव्हे, हा प्रश्न झाला.

मग अम्मा. तिला खुर्ची दिली तर ती जमिनीवर बसली. मुलाचे काही कळले का, असे विचारले. ती म्हणाली, नाही. पत्र? नाही. कुणाकडून निरोप? नाही. तिचा आवाज जराही हलला नाही. मग साहेबांनी, चिडूनच, विचारले की म्हणजे तुझा मुलगा मेला असे तुझे म्हणणे आहे का. मी हरकत घ्यायला उठलो. अम्माने मला हाताने खाली बसवले. साहेबांना म्हणाली, ते तू सांग बेटा, तुझ्याकडे कागद आहेत. मला एवढे माहीत आहे की माझा टहलू आईला उपाशी ठेवून सात वर्षे गप्प बसणारा नव्हता.

ताई, साहेबांनी साक्ष तिथेच संपवली. पारपतीबाई सासूकडे पाहत होत्या. मला वाटते, एकीला दुसरीसमोर जे बोलवत नव्हते ते दोघींनाही ठाऊक होते, आणि दोघीही एकमेकींसाठी गप्प होत्या. हे मला पहिल्या दिवशी दिसायला हवे होते.

साहेबांनी लिहिले की सात वर्षे खबर नसल्याचे सिद्ध झाले, सबब खोली बाईंच्या नावे करण्यास हरकत नाही. मंघारामचा अर्ज फेटाळला. लेखी हुकूम यायचा आहे. आज मी दुपारी कोर्ट बुडवून झोपलो. माई म्हणते आहे की ताईला विचार, मीठ घालायला लागली का.

तुझा,
श्रीपाद

---

॥ श्री ॥

अंबरनाथ,
३ एप्रिल १९५५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हुकूम आला. खोली पारपतीबाईंच्या नावावर झाली. आश्रम टळला, दोघी एकत्र राहतील. एवढे वाचून तू पेढे वाटशील, पण थांब.

हुकुमात बाईंच्या नावापुढे ‘कैलासवासी टहलरामची विधवा’ असे टाइप केले आहे. साहेबांच्या निकालात हा शब्द नव्हता. प्रतिज्ञापत्रात तर मी तो नावालाही येऊ दिला नव्हता. कचेरीत गेलो आणि कारकुनाला म्हणालो, हे बदला. तो म्हणाला, रकाने दोनच आहेत, पत्नी आणि विधवा. पत्नी लिहायचे तर नवऱ्याची सही लागते. मी म्हणालो, तिसरा रकाना करा. तो म्हणाला, वरून येऊ द्या. साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, वकीलसाहेब, खोली मिळाली ना, आता शब्दासाठी काय भांडता. मी भांडलो. बराच वेळ, मोठ्या आवाजात, आणि काहीही झाले नाही. मी टेबलावर हात आपटला तर दौत सांडली आणि ती मीच पुसली.

आज हुकूम घेऊन खोलीवर गेलो. वाचून दाखवावा लागला, अशिलाला न सांगण्याचा अधिकार मला नाही. तो शब्द आला तेव्हा हिंदीत सांगितला. बाईंनी परत एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, बरे झाले, खोली राहिली. दाराशी मंघारामची बायको ऐकत होती. मी सायकल काढेपर्यंत सबंध बराकीला कळले आणि दोन म्हाताऱ्या त्यांच्या रिवाजाप्रमाणे आतही आल्या. कॅम्पातून निघायच्या आधी टोपी राहिली म्हणून परत गेलो, तर बाईंच्या हातात बांगड्या नव्हत्या आणि कपाळ पुसलेले होते. जे कायद्याने मागितले नव्हते ते एका टाइप करणाऱ्याने घेतले. आणि ते मी माझ्या तोंडाने वाचून दाखवले.

अम्माने नेहमीसारखी फडक्याखालची कोकी काढून दिली. मी पहिल्यांदाच नको म्हणालो. मला ती खाण्याचा काही अधिकार राहिला नाही असे वाटले.

रविवारचे बंद करावे असे मनात येते. नोटिसा वाचून दाखवणारा माणूस हवाच कशाला, न वाचलेल्याच बऱ्या. भाऊजींना हे सांगू नकोस, ते थट्टा करणार नाहीत आणि तेच मला सहन होणार नाही.

श्रीपाद

---

॥ श्री ॥

बदलापूर,
२१ एप्रिल १९५५

चि. श्रीपाद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पंधरा दिवस आला नाहीस, माई म्हणते जेवतही नाहीस. म्हणून नीट बसून लिहिते आहे. हातातलं काम टाकून वाच.

काल आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. या वेळी चिठ्ठी पाठवली नाही, आदल्या दिवशी मीच कॅम्पात जाऊन आले. सुनेला म्हटलं तुम्ही या, आणि अम्माला म्हटलं तुम्ही नाही आलात तर मी गौर उठवणार नाही. पारपती मान हलवून नको म्हणत होती. अम्मानं विचारलं, किती वाजता.

दोघी आल्या. पारपती पांढऱ्या ओढणीत, कोऱ्या कपाळानं, दाराबाहेर चपलांपाशी बसली. अम्मा तिच्या शेजारी. आत आंब्याची डाळ, पन्हं, बायकांचं हसणं चाललं होतं. बनूबाई कुणाच्या तरी कानात काहीतरी म्हणाल्या. मी करंडा घेऊन एकेकीला लावत दारापर्यंत आले आणि तिथं माझा हात थांबला. साहेबासमोर एवढं बोलले, तू कौतुक केलंस, आणि माझ्याच घरात, माझ्याच उंबऱ्यावर मला काही सुचेना. लावावं तर पुन्हा अर्ज होईल आणि तिचं घर जाईल. न लावता पुढे जावं तर मी तिला कशाला बोलावलं होतं? मी तशीच उभी. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

तेव्हा अम्मा उठली. माझ्या हातातला करंडा तिनं काढून घेतला. श्रीपाद, विधवा बाई, तिचा हात कुंकवाला लागू नये म्हणून आपण करंडे उचलून ठेवतो. तिनं चिमूट भरली आणि सुनेच्या कपाळावर कुंकू लावलं, मी संक्रांतीला लावलं होतं त्याहून मोठं. पारपती तिचं मनगट धरून थांबवत होती. अम्मा तिच्या त्या हिंदीत म्हणाली की कमरा सरकारचा आहे, बहू माझी आहे. तिचं कपाळ मी कुणाला लिहून दिलेलं नाही.

मग तिनं करंडा मला परत दिला आणि खाली बसून पन्हं मागितलं.

मला रडू आवरेना, मी आत गेले. बाहेर आले तेव्हा बनूबाई पारपतीची ओटी भरत होत्या. तोंड वाकडंच होतं, पण हरभरे ओंजळभर घातले. आणि पारपतीला आत, पंख्याखाली बसवलं होतं.

आता तुझ्या साहेबाकडे पुन्हा अर्ज जाईल का मला माहीत नाही. गेला तर समन्स पाठवायला सांग, माझा पत्ता तोच आहे. या वेळी आम्ही सगळ्या येऊ. बनूबाईंना तर कचेरी कशी असते ती बघायचीच आहे. पण तेव्हा त्यांच्याकडून बोलायला कुणीतरी लागेल, आणि कॅम्पात दुसरं कुणी रविवारी टेबल टाकून बसत नाही. शाळेच्या व्हरांड्यात गेले होते मी. टेबल भिंतीला लावून ठेवलंय, रविवार नसतानाही त्याच्याभोवती तीन माणसं नोटिसा घेऊन बसली होती. मी म्हटलं, वकील आजारी आहे. खोटं बोलले. या रविवारी ते खरं करू नकोस.

निघताना अम्मानं फडक्यात बांधलेली कोकी माझ्या हातात दिली. त्या वकिलाला दे म्हणाली, त्या दिवशी न खाता गेला. भाऊजींनी दोनदा डबा उघडला, मी दोन्ही वेळा झाकला. ती दुसऱ्या कुणाच्या वाटणीची नाही. प्रवासाची पोळी आहे, चार दिवस टिकते असं ती म्हणाली. तू शनिवारपर्यंत येऊन खा.

तुझी,
ताई